पैसा मार्चमध्ये, काम मे महिन्यात: फाउंडेशनच्या निधीचं वेळापत्रक कसं बसवायचं?

ताळेबंद

पाणी, आरोग्य आणि शिक्षण या तिन्ही कामांना महाराष्ट्रात फाउंडेशनांकडून निधी मिळतो. त्यातला बराचसा वाया जातो तो वेळ चुकल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. तलावातला गाळ काढायचा तो एप्रिल-मेमध्ये. झाडांचे खड्डे मेमध्ये, रोपं पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. ऊसतोडीला कुटुंबं निघतात दसरा-दिवाळीच्या सुमारास. कंपनीचं वर्ष मात्र ३१ मार्चला संपतं, म्हणून पैसा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात येतो आणि "महिन्याभरात खर्च दाखवा" असा निरोपही सोबत येतो. यावर उपाय आहेत, आणि ते बहुतेक कागदावरच करायचे असतात.

आधी पैसा कुठला आहे ते ओळखावं. स्वतःच्या मूळ निधीच्या उत्पन्नावर चालणारे जुने न्यास (सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा) तीन-चार वर्षांचं काम एकदम मंजूर करू शकतात. लोकांकडून देणगी गोळा करणाऱ्या फाउंडेशनांवर (२०१५ साली सुरू झालेलं नाम फाउंडेशन हे ओळखीचं उदाहरण) देणगीदाराला काम लवकर दाखवण्याची जबाबदारी असते. आणि तिसरा पैसा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा. कंपनी कायदा २०१३, कलम १३५ प्रमाणे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक ओलांडणाऱ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात. तिन्हींचे नियम वेगळे, त्यामुळे एकच प्रस्ताव तिघांना पाठवणं फुकट जातं.

कागदपत्रांत अडतं ते नेहमी त्याच त्याच ठिकाणी. न्यासपत्रातल्या उद्देशांत "आरोग्य" लिहिलेलंच नसतं आणि प्रस्ताव मात्र दवाखान्याचा असतो. विश्वस्त बदललेले असतात, पण धर्मादाय कार्यालयात कलम २२ चा बदल अर्ज ९० दिवसांत दिलेला नसतो. मग परिशिष्ट १ वर (धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या उताऱ्यावर) जुनी नावं, बँकेत सही नव्यांची, आणि फाउंडेशनचा तपासनीस तिथेच फाइल मिटतो. प्राप्तिकरातली बारा ए (संस्थेची करमाफी; ही नोंदणी पुढे बारा एबीखाली गेली) आणि ऐंशी जी (देणगीदाराची करसवलत) यांच्या मुदती वेगवेगळ्या असू शकतात. ५ कोटींच्या आत उत्पन्न असलेल्या संस्थांना बारा एबीची नोंदणी आता १० वर्षांची मिळते, ऐंशी जीची मुदत मात्र ५ वर्षांचीच. एकीची तारीख पाहून दुसरी गृहीत धरू नका. शिवाय नवा प्राप्तिकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा जुना मजकूर जसाच्या तसा उचलून करारात घालू नये.

प्रस्ताव लिहिताना अंदाजपत्रकाआधी बारा महिन्यांचा तक्ता करा: कोणत्या महिन्यात कोणतं काम, त्यासाठी रक्कम कोणत्या तारखेला हातात हवी. हप्ते "४०-४०-२०" असे ठोकळ लिहिण्याऐवजी या तक्त्याला बांधा.

माथापायथा

गाळाच्या कामाचा तक्ता आकड्यांत मांडतो, म्हणजे "मेमध्ये पैसे मिळाले तरी चालतील" हा समज जाईल.

समजा पाझर तलावातून २०,००० घनमीटर गाळ काढायचाय. २० टनी पोकलेन तासाला ७० घनमीटर काढते असं धरू, दिवसाचे १० तास. म्हणजे रोज ७००, आणि एकूण २९ दिवस. ताशी १४ लिटर डिझेल धरलं तर रोज १४० लिटर, २९ दिवसांचं ४,०६० लिटर. लिटरला ९० रुपये लावले तरी ३ लाख ६५ हजार फक्त डिझेलचे. ७ जूनला मृग. १ मेला पोकलेन उतरली तर ३० मेपर्यंत जेमतेम उरकतं, तेही एकही दिवस यंत्र बंद न पडता. १५ मेला पैसे आले तर मृगापर्यंत पाचवा हिस्सा गाळ राहिलाच.

आणि खोळंबा पोकलेनमुळे होत नाही, ट्रॅक्टरमुळे होतो. जागेवरचा १ घनमीटर गाळ खोदल्यावर फुगून साधारण सव्वा घनमीटर होतो. म्हणजे वाहायचा २५,००० घनमीटर. १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, ट्रॉलीत साधारण १ ब्रास मावतो, तर झाल्या ८,८०० खेपा. रोजच्या ३०० हून जास्त. एक ट्रॅक्टर दिवसाला १०-१२ खेपा करतो, म्हणजे २५ ते ३० ट्रॅक्टर रोज लागणार. हे ट्रॅक्टर गावात आहेत का, त्यांचे मालक त्या महिन्यात लग्नसराईच्या भाड्याला जाणार आहेत का, हे एप्रिलमध्ये विचारलं नाही तर पोकलेन तासाच्या भाड्यावर नुसती उभी राहते.

गाळ कोणाच्या शेतात जाणार तेही आधी ठरवावं लागतं. एका एकरावर एक इंच थर द्यायला १०३ घनमीटर लागतो. हलक्या मुरमाड रानात तीन इंच टाकायचा म्हटलं तर २५,००० घनमीटरमध्ये ८० एकर होतात. शेतकऱ्यांची यादी, गट क्रमांक, एकर आणि खेपा असा कागद करून ग्रामसभेत वाचून घ्या. अल्पभूधारक आणि विधवा शेतकऱ्यांची नावं वर ठेवली नाहीत तर ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांच्याच रानात सगळा गाळ जातो.

मोजमापावर भांडणं होतात ती याच फुगण्यावरून. कंत्राटदार खेपा मोजून २५,००० चं बिल लावतो आणि अभियंता काटछेद (तलावाच्या आडव्या छेदांची मापं) घेऊन २०,००० म्हणतो. दोघंही खरं बोलत असतात. करारात "जागेवरचं मोजमाप, कामाआधी व नंतर लेव्हलने घेतलेले काटछेद" एवढी ओळ असली की प्रश्न मिटतो. कामाआधीचे काटछेद राहून गेले तर नंतर काहीच सिद्ध करता येत नाही.

खोलीही ठरवूनच. मूळ तळाच्या खाली गेलं आणि साठवण तलावात मुरूम उघडा पडला तर पाणी धरेनासं होतं. बांधाच्या पायथ्यालगत खोदलं तर बांधाखालचा काळ्या मातीचा पडदा दुखावतो. म्हणून पोकलेन उतरण्याआधी अभियंत्याने चुन्याने रेघ मारून द्यावी.

परवानगीसाठी तलाव जिल्हा परिषदेचा आहे, मृद व जलसंधारणचा आहे की जलसंपदाचा, हे फेब्रुवारीतच पाहा. गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार योजनेत (२०१७ पासून) गाळ शेतासाठी मोफत नेता येतो. वाळू उपसायला आणि गाळ विकायला बंदी आहे.

ताळेबंद

@माथापायथा, फार उपयोगाचं. त्याला जोडून सीएसआरचा उपाय सांगतो, कारण मार्चची घाई तिथेच सर्वांत जास्त असते.

कंपनीने तो प्रकल्प "चालू प्रकल्प" म्हणून ३१ मार्चआधी संचालक मंडळात मंजूर करून घेतला, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या अखर्चित सीएसआर खात्यात टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चता येते. म्हणजे मे महिन्याचं डिझेल, पुढच्या उन्हाळ्याचं झाडांचं पाणी, दोन वर्षं नोकरीवर राहणारा तंत्रज्ञ, सगळं नियमात बसतं. हा ठराव नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत सरकारच्या ठरलेल्या निधीत भरावी लागते आणि गावाला काहीच मिळत नाही.

दुसरं, संस्थेच्या खात्यात पैसे वळते केले म्हणजे कंपनीचा खर्च झाला असं कायदा मानत नाही. संस्थेने तो वापरल्यावरच खर्च धरला जातो. हे कंपनीच्या अधिकाऱ्याला समजावून सांगितलं तर मार्चमध्ये चेक फाडायची त्याचीच घाई कमी होते. जानेवारीत बारा महिन्यांचा तक्ता घेऊन बसा आणि "चालू प्रकल्प" हा शब्द ठरावात येईल असं पाहा.

डिझेलवाल्याला आणि ट्रॅक्टरवाल्यांना रोख देताना जपा. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिली तर ती रक्कम धर्मादाय कामावरचा खर्च म्हणून धरली जात नाही. पंपाशी महिन्याचं खातं उघडा, पावतीवर यंत्राचा क्रमांक आणि तासमापकाचा आकडा लिहून घ्या.

रुग्णसेतू

आरोग्यात हंगामापेक्षा पुढची वर्षं जास्त महत्त्वाची. डायलिसिसचं उदाहरण घेऊ, कारण यंत्र दान करायला सगळेच तयार असतात. फीत कापता येते, पाटी लावता येते.

एका सेशनला चार तास लागतात. यंत्रातून मिनिटाला ५०० मिलिलिटर द्रव वाहतो, म्हणजे सेशनला १२० लिटर अतिशुद्ध पाणी. पाच यंत्रं, तीन पाळ्या, दिवसाला १५ सेशन: १,८०० लिटर. आरओमधून निम्मं पाणी टाकाऊ निघतं, यंत्र धुणं-भरणंही असतं, म्हणून कच्चं पाणी रोज चार हजार लिटर धरावं. हे पाणी मे महिन्यात कुठून येणार? तालुक्याच्या गावी उत्तर बहुधा टँकर असतं. टँकरच्या पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हाताने टाकलेली असते, तिचं प्रमाण दर खेपेला वेगळं. क्लोरीन कार्बन फिल्टरमधून सुटून रुग्णाच्या रक्तापर्यंत पोहोचला तर तांबड्या पेशी फुटतात. म्हणून एकूण क्लोरीन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत आहे ना, हे प्रत्येक पाळीआधी पट्टी बुडवून पाहायचं आणि वहीत लिहायचं असतं. ही पट्टी, कार्बन बदलणं, आरओचे पडदे, टाकी-नळ्यांचं निर्जंतुकीकरण यांतलं काहीही "यंत्राच्या दानात" येत नाही.

मग डायलायझर, नळ्या, सुया, द्रावणांचे कॅन, हेपरिन, रक्तवाढीची इंजेक्शनं, जनित्र, आणि सगळ्यांत कठीण म्हणजे प्रशिक्षित तंत्रज्ञ, जो तालुक्याच्या पगारात टिकत नाही. पाच यंत्रांवर आठवड्याला ९० सेशन होतात. रुग्णाला आठवड्यातून तीनदा धरलं तर ३० माणसं या खोलीवर जगतात. तंत्रज्ञ सोडून गेला तर या ३० जणांना दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला जावं लागतं. त्यामुळे फाउंडेशनने यंत्रं पाचऐवजी तीन द्यावी आणि उरलेल्या पैशात दोन तंत्रज्ञांचा तीन वर्षांचा पगार व देखभाल करार द्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत असेल तर पात्र रुग्णाच्या डायलिसिसचे पैसे योजनेतून येतात. पण दावा मंजूर होऊन रक्कम मिळेपर्यंत साहित्य घ्यायला खेळतं भांडवल लागतं. फाउंडेशनने तीन महिन्यांच्या साहित्याइतकी फिरती रक्कम दिली तर ती परत परत वापरता येते. दानाची ही पद्धत फार कमी वापरली जाते आणि तीच सर्वांत टिकाऊ आहे.

एकेका रुग्णाला शस्त्रक्रियेसाठी मदत देणाऱ्या फाउंडेशनांनी आधी महाराष्ट्राच्या सार्वजनिक न्यास कायद्यातलं कलम ४१ एए पाहावं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळी काढलेली असते. उत्पन्न मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. रुग्ण यात बसत असताना फाउंडेशनने पूर्ण बिल भरलं तर दान रुग्णाला पोहोचलंच नाही, रुग्णालयाचं कायदेशीर ओझं उचललं गेलं. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका घेऊन रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्याकडे जाणारं एक माणूस नेमा. त्याच्या पगाराइतकं फळ दुसऱ्या कशातून मिळत नाही.

माथापायथा

@रुग्णसेतू, आरओचं टाकाऊ पाणी गटारात सोडू नका. रोज दोन हजार लिटर म्हणजे रुग्णालयाच्या संडासांचा आणि फरशीचा प्रश्न मिटतो. फक्त नळ वेगळ्या रंगाचा ठेवा आणि "पिण्याचे नाही" असं वर लिहा. झाडांना घालायचं तर आधी क्षार तपासा.

कुसळी

पर्यावरणाच्या नावाखाली सर्वाधिक मागणी वृक्षारोपणाला असते. तिथे मोजायची गोष्ट म्हणजे तिसऱ्या पावसाळ्यानंतर जिवंत असलेली झाडं.

३ बाय ३ मीटरवर हेक्टरी १,१११ रोपं बसतात. नोव्हेंबर ते जूनचा मध्य, साधारण ३० आठवडे, रोपाला आठवड्याला १० लिटर दिलं तर वर्षाला ३०० लिटर. हेक्टरी ३ लाख ३३ हजार लिटर. १०,००० लिटरचे ३३ टँकर, आणि हे सलग दोन वर्षं. अंदाजपत्रकात "रोप, खड्डा, खत, कुंपण" एवढंच असेल आणि टँकरचा रकाना नसेल तर तो प्रस्ताव मंजूर करू नये. चौरस हेक्टरला ४०० मीटर कुंपण लागतं. ते परवडत नसेल तर चराईबंदी गावाने पाळायची, आणि त्यासाठी शेळ्या-मेंढ्यांच्या मालकांना आधी बैठकीत बसवून चाऱ्याची दुसरी सोय ठरवायची. त्यांना वगळून केलेली बंदी पहिल्याच उन्हाळ्यात मोडते.

रोपांबाबत: सहा इंची रोपं स्वस्त पडतात आणि गवताखाली गुदमरतात. मोठ्या पिशवीतलं दीड-दोन फुटी रोप घ्या. पिशवीच्या तळाशी मुळं गोल फिरलेली असतात, तो वेटोळा विळ्याने कापून टाकायचा आणि पिशवी पूर्ण काढायची. गर्दीच्या "महावृक्षारोपणात" पिशवीसकट लावलेली रोपं हमखास निघतात, ती वर्षभर हिरवी दिसतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात उभी वाळतात. खड्डा दोन फुटी, मेच्या उन्हात तापू द्यावा, भरताना वरची माती खाली जाईल असं पाहावं.

मोजणी तीनदा: लावलेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात, पुढच्या मेअखेर, आणि तिसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात. शेवटचा हप्ता तिसऱ्या मोजणीला बांधला की लावणारा झाडं जगवतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर पट्ट्यातलं माळरान म्हणजे रिकामी जागा नव्हे. मारवेल, पवना, कुसळी ही तिथली मूळची गवतं. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी यांचं ते घर. नान्नजचं माळढोक अभयारण्य अशाच माळावर आहे. तिथे चर खणून गिरिपुष्प लावणं म्हणजे एक परिसंस्था मोडून तिच्या जागी दुसरं काहीच उभं न करणं. पावसाळ्यानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरात, गवत फुलोऱ्यावर असताना जागा पाहायला जा. कमरेएवढं मूळचं गवत दिसलं तर झाडांचा निधी दुसरीकडे वळवा, आणि इथे पाळीपाळीने चराई, वणवा रोखायच्या जाळरेषा, मूळ गवताचं बी गोळा करणं यांवर खर्च करा. मे महिन्यात पाहणी केली तर प्रत्येक माळ उजाडच दिसतो आणि निर्णय चुकतो.

नवीन_पीटीआर

नोंदणी होऊन एकच वर्ष झालेल्या संस्थेने सुरुवात कुठून करावी? आणि कार्यकर्त्यांचा पगार प्रस्तावात दाखवला तर नकार मिळतो, असं सगळीकडे ऐकू येतं. तो "प्रशिक्षण" किंवा "प्रवास" अशा रकान्यात घालावा का?

ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: अजिबात घालू नका. लेखापरीक्षणात प्रशिक्षणाच्या हजेरीपटावर नावं नाहीत आणि दर महिन्याला एकाच माणसाला रक्कम गेली आहे, हे पहिल्या तासात दिसतं. तिथून संस्थेचं नाव जातं ते कायमचं. पगार पगार म्हणूनच दाखवा आणि शेजारी काम लिहा: "क्षेत्र कार्यकर्ती १, गावं ६, महिन्याला गृहभेटी अमुक." काम दिसलं की पगार खुपत नाही.

"सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्केच चालतो" हा गैरसमजही याच्या मुळाशी आहे. ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या खर्चाला आहे. गावात काम करणाऱ्या कार्यकर्तीचा पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे. नियमाची प्रत प्रस्तावाला जोडा आणि नम्रपणे दाखवून द्या.

पहिल्या प्रश्नाचं: सीएसआरचं दार सध्या बंद आहे असं धरा. बाहेरच्या संस्थेला बारा ए, ऐंशी जी आणि सीएसआर-१ (सीएसआरची कामं घेण्यासाठीची) नोंदणी लागतेच, शिवाय तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. तोवर वैयक्तिक देणग्या आणि लहान न्यास. देणगी घेतली की फॉर्म १० बीडी ३१ मेपर्यंत भरायचा आणि देणगीदाराला त्यातून निघणारा दाखला द्यायचा. उशिराला रोज २०० रुपये पडतात. हे फॉर्म क्रमांक जुन्या कायद्याचे आहेत, नवे तुमच्या सनदी लेखापालाकडून घ्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत नाही, तेव्हा चेक किंवा यूपीआयच घ्या. पहिल्या वर्षापासून प्रत्येक निधीला वेगळा खातेवही क्रमांक द्या. तीन वर्षांनी तपासनीस येईल तेव्हा हीच शिस्त पाहील.

भाकरीचा_हिशेब

सामाजिक कामातलं वेळापत्रक किती नेमकं लागतं, ते बीड, धाराशिवच्या हंगामी वसतिगृहांवरून कळतं. आईवडील कोयता घेऊन कारखान्यावर जातात, मूल मागे राहिलं तर शाळा टिकते. सरकारची योजना आहे, पण मंजुरी बऱ्याचदा कुटुंबं निघून गेल्यावर येते. गाडीत बसलेलं मूल नंतर परत येत नाही.

कोण जाणार हे गावाला पोळ्यालाच ठाऊक असतं, कारण उचल (मुकादमाकडून मजुरीची आगाऊ रक्कम) पावसाळ्यातच घेतलेली असते. मुकादमांकडून आणि मुख्याध्यापकांकडून यादी ऑगस्टअखेर करा, सप्टेंबरात पालकांची संमती घ्या, आजी किंवा चुलती कोण सांभाळणार ते लिहा. फाउंडेशनचा हप्ता घटस्थापनेपर्यंत हातात हवा. सरकारी रक्कम नंतर आली तर ती मार्च-एप्रिलला वापरायची, असं करारातच लिहून ठेवता येतं, म्हणजे एकाच खर्चाला दोन ठिकाणी दाखवल्याचा आरोप येत नाही.

५० मुलं धरा. दुपारी शाळेत पोषण आहार, म्हणून सकाळचं खाणं आणि रात्रीचं जेवण आपलं. रात्री दोन भाकरी म्हणजे रोज शंभर भाकरी, साडेसात किलो ज्वारीचं पीठ. शंभर भाकरी थापायला दोन बायका आणि दोन तवे लागतात. एकीवर टाकलं तर तिसऱ्या आठवड्यात ती सोडते आणि मग रोज खिचडी सुरू होते. रविवारी आणि सुट्टीत पोषण आहार नसतो, ते दिवस अंदाजपत्रकात हमखास सुटतात. जानेवारीच्या थंडीसाठी मुलामागे एक गोधडी आणि एक पांघरूण. मुलींच्या खोलीत रात्री मुक्कामाला बाई असलीच पाहिजे, कामावरच्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी आणि संडासात दिवा व कडी. तालुक्याच्या अधिकाऱ्याने पाहणीत आधी हीच कडी पाहावी असं मला वाटतं.

न्यूजर्सी_मराठी

अमेरिकेत राहणाऱ्यांनी अशा गावच्या संस्थेला थेट पैसे पाठवले तर चालतात का? इथे काहींकडे भारतीय पासपोर्ट आहे, काहींकडे ओसीआय.

ताळेबंद

फरक पासपोर्टवरून पडतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे विदेशी देणगी ठरत नाहीत. संस्थेने पासपोर्टची प्रत फाइलला लावावी. ओसीआयधारक मात्र परदेशी नागरिक, त्यामुळे त्याचा एक रुपयाही विदेशी देणगीच, मग तो पुण्याच्या खात्यातून आला तरी. त्यासाठी संस्थेकडे एफसीआरए (विदेशी देणगी नियमन कायद्याची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं हवं.

२०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने घेतलेली विदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणून "मोठ्या संस्थेला पाठवू, ती गावच्या मंडळाला देईल" हा मार्ग बंद आहे. मंडळातल्या सगळ्यांचे पैसे एकत्र करून पाठवूही नका, एक परदेशी नागरिक मिसळला की अख्खी रक्कम अडते.

रुग्णसेतू

निधी थांबल्यावर काय, यावर करार करतानाच बोलावं. टाटा मेमोरियल रुग्णालय दोराबजी टाटा ट्रस्टने १९४१ साली उभं केलं आणि १९५७ मध्ये केंद्र सरकारकडे सोपवलं. सुपूर्द करण्याजोगं उभं केलं होतं, म्हणून ते शक्य झालं. गडचिरोलीत सर्च या संस्थेने घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालं, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाच्या घरी जातात. तिथे आज फाउंडेशनला भरता येण्यासारखी जागा छोटीच असते: वजनकाट्याची बॅटरी, नादुरुस्त तापमापी, भेटींच्या दिवसाचं प्रवासभाडं. तालुक्यातल्या सगळ्या आशाताईंचे काटे वर्षातून दोनदा प्रमाणित वजनाने तपासून द्या. बाळ १,८०० ग्रॅमचं असताना काटा २,१०० दाखवत असेल तर पुढचा प्रत्येक निर्णय चुकतो.

माथापायथा

पाण्यात सुपूर्द करणं म्हणजे देखभाल. पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत गावांची जलसंधारणाची स्पर्धा घेतली, तेव्हा आपला भर गावकऱ्यांच्या प्रशिक्षणावर ठेवला. नाबार्ड आणि वॉटर संस्थेच्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात आधी क्षमताबांधणी, मग मोठं काम, असा क्रम होता. कारण हेच: चर कोणी आखला हे ज्याला ठाऊक आहे, तोच तो फुटल्यावर दुरुस्त करतो.

करारात दोन गोष्टी घाला. एक, गावाच्या नावाने देखभाल निधी, ज्यात फाउंडेशन आणि गाव दोघं भरतात, आणि ग्रामसभेच्या ठरावाशिवाय पैसे निघत नाहीत. दुसरी, पाण्याचा ताळेबंद. हिवरे बाजारसारखा दरवर्षी पावसाळ्यानंतर हिशेब मांडून, किती पाणी आलं आणि कोणत्या पिकाला किती, हे ग्रामसभेत ठरवायचं. २०,००० घनमीटर गाळ काढला म्हणजे २ कोटी लिटरची जागा झाली. त्या जोरावर पन्नास बोअर पडले आणि ऊस वाढला, तर तिसऱ्या वर्षी गाव पुन्हा टँकरवर येतं, आणि अहवालातलं "२ कोटी लिटर" तसंच राहतं. बोअरबंदीचा ठराव पोकलेन उतरण्याआधी घ्यावा. तलाव भरल्यावर तो कोणी करत नाही.

पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर सांडवा पाहायला जाणाऱ्या दोन माणसांची नावंही त्याच ठरावात लिहा. सांडव्यात अडकलेली एक बाभळीची फांदी वेळेत निघाली नाही तर पाणी बांधावरून जातं.